पाळक नसलेल्या मंडळीचा आठवडा

अबोली

परवा दुसऱ्या एका धाग्यावर ओघात लिहून गेले की आमच्या ब्रदरन मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक (पगारी धर्मगुरू) नाही. त्यावर लगेच विचारणा सुरू झाली. मग रविवारी पुढे उभं कोण राहतं? आजाऱ्याकडे कोण जातं? भांडण झालं तर मिटवतं कोण? तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

ब्रदरन नाव लावणारे प्रवाह एकाहून जास्त आहेत. मी लिहितेय ते १८२०च्या दशकाच्या शेवटी डब्लिनमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे इंग्लंडमधल्या प्लिमथ गावाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या मंडळ्यांबद्दल, त्यातही ‘खुली’ म्हणतात त्या शाखेबद्दल. आम्हाला मुख्यालय नाही, बिशप नाही, सगळ्यांना लागू असं छापील नियमांचं पुस्तक नाही. प्रत्येक मंडळी आपापली. त्यामुळे माझं एखादं वाक्य वाचून कोणी ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणालं तर तेही खरंच असणार.

रविवार सकाळ म्हणजे भाकर मोडणं, म्हणजेच प्रभुभोजन. बऱ्याच सभागृहांत खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून नसतात, मधल्या मेजाभोवती असतात. मेजावर एक अख्खी भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. कार्यक्रमपत्रिका नाही. कोणीतरी भाऊ गीताचा क्रमांक सांगतो, सगळे गातात, पुष्कळ ठिकाणी वाद्याशिवाय. मग शांतता. मग दुसरा कोणी उठून एखादा उतारा वाचतो, तिसरा प्रार्थना करतो, परत गीत. शेवटाकडे एक भाऊ उपकार मानून भाकर मोडतो, ती हातोहात फिरते, मागून प्याला फिरतो. दर रविवारी. महिन्यातून एकदा नव्हे, सणापुरतं तर नव्हेच.

नवख्या माणसाला सगळ्यात जड जाते ती मधली शांतता. त्याला वाटतं कोणीतरी आपली पाळी विसरलं. पण कोणाची पाळी ठरलेलीच नसते. आत्मा चालवील तसं चालावं ही त्यामागची श्रद्धा. मी त्या श्रद्धेतच वाढले आणि ती मला आजही पटते, पण एक गोष्ट आमच्याकडे मोठ्याने बोलली जात नाही ती इथे लिहिते. रविवारी जे उत्स्फूर्त दिसतं ते सोमवार ते शनिवार घडलेलं असतं. दवाखान्यात कोणाच्या उशाशी बसून आलेल्या भावाची प्रार्थना चार वाक्यांत संपते आणि पोचते. आठवडाभर ज्याने बायबल उघडलेलं नाही त्याची प्रार्थना लांबते, आणि ती बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू होते.

तर आठवडा. मधल्या एखाद्या संध्याकाळी प्रार्थनासभा. आमच्या मंडळीचं खरं कामकाज मला विचाराल तर इथे चालतं. कोणाची शस्त्रक्रिया, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, कोणाचं घरी पटत नाही, कोण बरेच रविवार दिसलं नाही, हे सगळं इथे कळतं. धोकाही इथेच आहे. डोळे मिटून सांगितली की बातमी ही बातमी वाटत नाही. ‘प्रभू, त्या कुटुंबातली परिस्थिती तुला ठाऊक आहे’ एवढं म्हटलं की बाकीच्यांनाही ती ठाऊक करून घ्यायची असते. चांगले वडील (बाप नव्हे, मंडळी सांभाळणारे ज्येष्ठ) हे ओळखून वेळीच आवर घालतात.

दुसऱ्या संध्याकाळी बायबल अभ्यास. एखादं पुस्तक घ्यायचं आणि ओळीओळीने पुढे सरकायचं. प्रवचन नव्हे, संभाषण. एक जण विषय मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात, संदर्भ काढतात, वाद घालतात. आठ तास काम करून आलेला माणूस इब्री लोकांस पत्रातल्या याजकपणावर तावातावाने बोलतो हे दृश्य मला फार आवडतं. त्याने कुठल्याही सेमिनरीचं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेचं, तोंड पाहिलेलं नसतं.

मग भगिनींची सभा, तरुणांची सभा, मुलांची संडे स्कूल, आणि रविवारी संध्याकाळी सुवार्तासभा. सुवार्तासभेची गंमत अशी की ती बाहेरच्यांसाठी असते आणि समोर बसलेले सगळे सकाळचेच असतात. तरीही वक्ता दर वेळी तळमळीने त्यांना तारणाचं आमंत्रण देतो.

मंडळीत वडील असतात, एक नव्हे, अनेक. पगार नाही. दिवसा ते शिक्षक, कारकून, गवंडी, डॉक्टर, जे असतील ते असतात. शिकवणं, भेटीला जाणं, समजूत घालणं, चुकलेल्याला बोलणं हे त्यांचं काम. लग्न लावायला त्या त्या देशाच्या कायद्याने ज्याला परवानगी असेल तो उभा राहतो.

यातलं जे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं ते म्हणजे सभा सुटल्यानंतरचं. ज्याला घरी वाट पाहणारं कोणी नाही त्याला कोणीतरी जेवायला घेऊन जातं. परगावाहून आलेल्याला उतरायला जागा मिळते. बाळंतिणीच्या घरी डबा जातो. पाळक नसला म्हणून त्याचं काम नाहीसं होत नाही, ते वाटलं जातं. आणि ते सारखं वाटलं जात नाही. दोन-तीन घरांवर आणि बहुतेक सगळ्या बहिणींवर ते पडतं. आमच्या पद्धतीचं मोठेपण आणि तिची दमछाक, दोन्ही मला याच एका गोष्टीत दिसतात.

विचारा काय विचारायचं ते.

नास्तिक_नाना

उत्तम लेख. नावावरून समजलंच असेल, पण प्रश्न प्रामाणिक आहे, खवचटपणा नाही. कोणीही उठून बोलायचं असेल तर एखादा रटाळ गृहस्थ दर रविवारी उठला तर? आमच्या सोसायटीच्या सभेत हाच प्रकार आहे आणि त्यावर इलाज सापडलेला नाही.

अबोली

नाना, आहे ना इलाज. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात म्हटलंय की दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. तो ‘पारख’ शब्द वडिलांना चांगला पाठ असतो. एखादे वडील त्या भावाच्या घरी जातात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि निघताना दारात सांगतात की भाऊ, जरा तरुणांनाही संधी मिळू दे. बहुतेकांना कळतं. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे सहा कडव्यांची गीतं आहेत. त्याने श्वास घेतला की कोणीतरी क्रमांक सांगतो.

सुतारपक्षी

हसून हसून पुरेवाट. सहा कडवी!

धागा आवडला. वाचतोय.

एकतारी

अबोलीताईंनी आठवड्याचं लिहिलं, मी थोडं मागचं लिहितो, कारण ही पद्धत कुठल्या आराखड्यातून आली नाही. माणसं अडली आणि त्यातून ती निघाली.

अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हे एक्सेटरचे दंतवैद्य. चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडून त्यांना मिशनरी व्हायचं होतं. त्यासाठी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात परीक्षेला जाऊन-येऊन असत. पुढे त्यांना सांगण्यात आलं की दीक्षा घेतल्याशिवाय तुम्हाला प्रभुभोजन देता येणार नाही. त्यावर त्यांनी उलट विचार केला: नव्या करारात अशी अट आहे कुठे? डब्लिनमध्ये त्यांच्याभोवती जे होते त्यांत जॉन बेलेट हे कायद्याचं शिक्षण घेतलेले, एडवर्ड क्रोनिन हे वैद्यकी करणारे आणि मूळचे कॅथलिक, आणि जॉन नेल्सन डार्बी हे आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चचे पाळक. क्रोनिनची अडचण तर अगदी साधी होती. डब्लिनला आल्यावर त्यांना सांगितलं गेलं की कुठल्या तरी एका मंडळीचे रीतसर सभासद झाल्याशिवाय प्रभुभोजनाला बसता येणार नाही. ते म्हणाले, मी ख्रिस्ताचा आहे एवढं पुरे नाही का? घरांत जमणारी ही माणसं १८३०मध्ये ऑन्जिअर स्ट्रीटवरच्या भाड्याच्या हॉलमध्ये आली. त्यानंतर लवकरच प्लिमथमध्ये मोठी मंडळी उभी राहिली आणि लोक त्यांना तिकडचे बंधू म्हणू लागले. नाव बाहेरच्यांनी दिलेलं आहे, त्यांनी स्वतः घेतलेलं नाही.

म्हणजे सुरुवातीला मेज हे सगळ्यांत सोपं दार होतं. ग्रोव्ह्ज स्वतः १८२९ला बगदादला गेले, तिथे प्लेगमध्ये पत्नी गेली, १८३३ला ते हिंदुस्थानात आले. पुढे त्यांच्याच आग्रहावरून बोडेन आणि बिअर ही दोन कुटुंबं १८३६मध्ये आली आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात काम सुरू झालं. ते आजही चालू आहे.

गावकुसाबाहेर

एकतारी, तुम्ही गोष्ट सोयीच्या ठिकाणी थांबवलीत. पुढची मी सांगतो.

१८४८. ब्रिस्टलच्या बेथेस्डा मंडळीने प्लिमथहून आलेल्या काही जणांना मेजावर, म्हणजे प्रभुभोजनाला, घेतलं. त्यांच्या तिथल्या शिक्षकाची, बेंजामिन न्यूटनची, शिकवण डार्बींना चुकीची वाटत होती. डार्बींचं म्हणणं, बेथेस्डाने आधी त्या शिकवणीचा निवाडा करावा. तो त्यांना हवा तसा झाला नाही, म्हणून त्यांनी अख्ख्या बेथेस्डाशी संबंध तोडला, आणि बेथेस्डाशी संबंध ठेवणाऱ्यांशीही. तिथून खुले आणि बंदिस्त असे दोन भाग. बंदिस्त भागाचे पुढे किती तुकडे झाले ते मोजायला वंशावळ काढावी लागते. आणि तुमचे ते क्रोनिन? १८७९ साली म्हातारपणी ते इंग्लंडमधल्या रायड गावी गेले आणि मान्यता नसलेल्या एका नव्या गटाबरोबर त्यांनी भाकर मोडली. त्यांच्याच लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ज्याला तरुणपणी एका मेजावर घेतलं नाही म्हणून ही सगळी चळवळ सुरू झाली, त्यालाच.

मी बंदिस्त शाखेच्या एका गटात वाढलो. नाव लिहीत नाही. आमचाही आठवडा भरलेला असे, जवळजवळ रोज काहीतरी. प्रेम होतं, खोटं बोलणार नाही. आजारपणात माणसं रात्र रात्र बसली आहेत. पण ज्या दिवशी घरातला एक जण ‘बाहेर’ झाला त्या दिवसापासून त्याच्याबरोबर एका ताटावर बसायचं नाही असं ठरलं, आणि तीच माणसं रस्त्यात तोंड फिरवू लागली. आठवडा जितका भरलेला, तितकं बाहेर पडल्यावर रिकामं. तुमचे सगळे मित्र, काम देणारे, आणि मुलांच्या सोयरिकी एकाच सभागृहातल्या असतील तर सहभागिता काढून घेणं, म्हणजे मेजावरून आणि मंडळीतून बाहेर ठेवणं, याने काय होतं ते बघितल्याशिवाय कळत नाही.

खुल्या मंडळ्या अशा नाहीत हे मान्य. पण वडील निवडून येत नाहीत, त्यांची मुदत संपत नाही, त्यांना ठेवतं कोण आणि काढतं कोण हे कुठे लिहिलेलं नसतं, हे तुमच्याकडेही आहेच की.

अबोली

गावकुसाबाहेर, लिहिलंत याबद्दल आभार. उत्तर देऊन ते हलकं करायचं नाही.

शेवटच्या मुद्द्याला मात्र अनुमोदन. आमच्याकडे वडील नेमले जात नाहीत, ‘ओळखले’ जातात. जो आधीपासून ते काम करतोय त्याला मंडळी मान देते, अशी कल्पना. चांगल्या मंडळीत ते खरोखर तसंच घडतं. वाईट मंडळीत ते काम एका आडनावाच्या घरातच ओळखलं जातं. लेखी नियम नसले की नियम नसतात असं नाही, ते फक्त जुन्यांनाच माहीत असतात.

आणि बाहेर जाऊ देण्याबद्दल. बार्नस्टेपलचे रॉबर्ट चॅपमन १८३२मध्ये वकिली सोडून तिथल्या बॅप्टिस्ट मंडळीत गेले. बदल पटले नाहीत म्हणून काही जण वेगळे झाले आणि इमारत आमची म्हणू लागले, तेव्हा चॅपमननी इमारत देऊन टाकली. १९०२ साली नव्वदी कधीच ओलांडून गेलेला हा माणूस वारला तोवर त्याच्या घरी पाहुण्यांची रीघ होती, आणि रात्री दाराबाहेर ठेवलेले पाहुण्यांचे बूट तो स्वतः साफ करीत असे. आमच्या इतिहासात डार्बीही आहेत आणि चॅपमनही. कोणाची आठवण जास्त काढली जाते यावरून मंडळी कशी ते ओळखता येतं.

पानगळ

ताई, तुम्ही नाव अबोली घेतलंत ते मुद्दाम का?

मी अशाच मंडळीत आहे. अजून आहे, हे आधी सांगते, नाहीतर लोक लगेच सोडून गेलेली समजतात. डोक्यावर ओढणी, रविवारी सकाळी गाण्यापुरता आवाज. माझा धाकटा भाऊ बाप्तिस्मा झाल्यावर पुढच्याच महिन्यात उठून गीत सुचवायला लागला. मी संडे स्कूलमध्ये त्याला ते गीत शिकवलं होतं. पवित्र शास्त्रावरची माझी श्रद्धा त्याच्याहून कमी नाही. करिंथकरांच्या त्याच पत्रात अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने डोकं झाकावं असं आहे. म्हणजे ती बोलत होती ना? चौदाव्या अध्यायात गप्प राहा आहे. ओढणीसाठी अकरावा आणि तोंडासाठी चौदावा, असं कसं?

बायबल अभ्यासात हा प्रश्न विचारावा म्हटलं तर तिथेही चिठ्ठी लिहून नवऱ्याकडे किंवा वडिलांकडे द्यायची पद्धत.

अबोली

मुद्दाम घेतलंय, हो.

तू जो प्रश्न विचारलास त्यावर आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे: अकरावा अध्याय मंडळीच्या सभेबाहेरच्या प्रसंगांबद्दल आणि चौदावा सभेबद्दल. ते उत्तर मी पुष्कळ वर्षं ऐकलं आहे. मला ते पुरत नाही. आता पुष्कळ खुल्या मंडळ्यांत बहिणी प्रार्थनासभेत आणि अभ्यासात मोकळेपणाने बोलतात, काही ठिकाणी रविवारीही, आणि ओढणी ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेली आहे. काही ठिकाणी काहीच हललेलं नाही. मुख्यालय नसल्याचा हा फायदा आणि हाच तोटा. कोणी वरून बंदी घालत नाही, कोणी वरून उठवतही नाही.

मी का राहिले? भगिनींच्या सभेत जे बायबल वाचलं जातं ते मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. तिथे एखादी विधवा रूथचं पुस्तक समजावून सांगते तेव्हा तिला त्यातली धान्य वेचणारी बाई म्हणजे काय ते माहीत असतं. ते रविवारी सकाळी सगळ्या मंडळीला ऐकायला मिळायला हवं असं मला वाटतं. वडिलांना मी हे सांगितलं आहे. चिठ्ठी न लिहिता.

पानगळ

+१००. ‘चिठ्ठी न लिहिता’ वाचून बरं वाटलं.

एकतारी

पानगळ, मी वडील आहे, एका छोट्या मंडळीत. तुमच्या प्रश्नावर आमच्यात चर्चा चालू आहे, इतकंच सांगतो. सावकाश चालू आहे. आमच्याकडे सगळे वडील एकमताचे झाल्याशिवाय काही बदलत नाही, मतदान घेत नाहीत. तुम्हाला हे उत्तर अपुरं वाटेल याची कल्पना आहे.

पाणवठा

दुसऱ्या प्रवाहातून हात वर करतो. आम्हीही ब्रदरन, पण आमचा डब्लिन-प्लिमथशी संबंध नाही. जर्मनीत श्वार्त्झेनाऊ येथे १७०८ साली अलेक्झांडर माक यांच्यासह आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला, तिथून आमची सुरुवात. छळामुळे आणि गरिबीमुळे १७१९पासून ते अमेरिकेत जर्मनटाऊनला गेले. पाण्यात तीनदा, पुढे वाकून बुडवतात म्हणून लोक त्यांना ‘डंकर’ म्हणत. शस्त्र हाती धरायचं नाही ही शिकवण पहिल्यापासूनची.

सहभागितेचा विषय आहे म्हणून प्रीतिभोजनाबद्दल लिहितो. तुम्ही दर रविवारी भाकर मोडता. आम्ही वर्षातून एकदा-दोनदा, बहुधा पुनरुत्थानाच्या आधीच्या गुरुवारी, पण पूर्ण संध्याकाळ. आधी स्वतःला तपासणं. मग योहानाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे एकमेकांचे पाय धुणं. घंगाळ, कमरेला टॉवेल, शेजाऱ्याचे पाय धुवायचे, पुसायचे, उठून त्याला आलिंगन द्यायचं, मग तो पुढच्याचे धुणार. मग एकत्र साधं जेवण, बरंचसं शांततेत. शेवटी भाकर आणि प्याला. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी आधी समेट करून ये, असा संकेत. खरं सांगू, पाय धुताना समोर कोण येईल हे रांगेवर अवलंबून असतं, आणि काही लोक रांग मोजून जागा धरतात. अबोला मोडण्यापेक्षा जागा बदलणं सोपं.

अबोलीताईंच्या मुद्द्यावर: आमच्याकडेही एके काळी बिनपगारी सेवक असत. मंडळीतला प्रत्येक जण एकेकटा आत जाऊन वडिलांच्या कानात एक नाव सांगायचा, ज्याचं नाव जास्त येईल तो सेवक. तो नांगर धरायचा आणि रविवारी उपदेश करायचा. त्याला नाही म्हणणं कठीण, आणि त्याच्या बायकोला तर कोणी विचारतच नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून हळूहळू ती पद्धत मागे पडून पगारी पाळक आले. आज आमच्याकडे स्त्रियाही पाळक आहेत. आठवडा सुटसुटीत झाला. पण आता आजाऱ्याकडे ‘पाळकबाई जाऊन आल्या ना’ एवढं विचारून बाकीचे मोकळे होतात.

नास्तिक_नाना

हा शेवटचा परिच्छेद फार आवडला. नास्तिकांच्या संस्थांमध्येही पगारी सचिव नेमला की असंच होतं.

पैशांचं कोणी लिहिलं नाही. पगार नाही तर पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

एकतारी

नाना, येतो अर्पणातून. भाकर आणि प्याला फिरल्यावर पिशवी फिरते, किंवा दारापाशी पेटी असते. पावती नाही, नावाची यादी नाही. जे सहभागी आहेत त्यांनीच द्यावं असा दंडक. पाहुण्यांकडून अपेक्षा नाही, काही ठिकाणी तर पिशवी मागच्या रांगेपर्यंत नेतच नाहीत. योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या सातव्या ओवीचा आधार देतात: सेवकांनी अविश्वासी लोकांकडून काही घेतलं नाही.

जातो सभागृहाचा खर्च, गरजू कुटुंबं आणि पूर्णवेळ सेवक यांच्याकडे. पूर्णवेळ सेवकाला मंडळी शिफारस करून पाठवते, पण ठरावीक रक्कम बांधून देत नाही. याचा नमुना म्हणजे जॉर्ज म्यूलर, ग्रोव्ह्जचे मेहुणे. १८३०मध्ये टेनमथला पाळक असताना त्यांनी पगार घेणं थांबवलं. पैसेवाल्यांना पुढची बाकं भाड्याने देण्याची रीत तेव्हा होती, तीही बंद केली, आणि एक पेटी ठेवली. पुढे ब्रिस्टलला अनाथगृहं काढली. त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुलं तिथे वाढली आणि वर्गणी मागायला ते कोणाच्या दारी गेले नाहीत.

सुतारपक्षी

थोडा विरोधी सूर. मी अशा पूर्णवेळ सेवकाचा मुलगा आहे. मंडळीचं नाव नको. म्यूलरचं उदाहरण आमच्या घरी दर महिन्याला ऐकवलं जायचं, विशेषतः महिना संपताना. गरज कोणाला सांगायची नाही हा नियम सेवकासाठी होता, पण त्यामुळे विचारायचं नाही असा नियम मंडळीने स्वतःसाठी करून घेतला. आईने शाळेची फी कशी भरली हे मला फार उशिरा कळलं. एक आजी मात्र प्रार्थनासभेनंतर आईच्या पिशवीत काहीतरी सरकवायच्या. त्या आजींना कोणी वडील म्हणून ओळखलं नाही.

अबोली

सुतारपक्षी, ही आजी प्रत्येक मंडळीत असते. ती गेल्यावर वडिलांच्या बैठकीत ‘हल्ली प्रेम कमी झालंय’ असा विषय निघतो.

तिसरी_घंटा

इतका वेळ सगळे जुन्यांचं बोलताहेत. आताचं बोलू या का? आमच्या मंडळीतले निम्मे तरुण शिफ्टमध्ये काम करतात. प्रार्थनासभेची संध्याकाळ म्हणजे त्यांची कामाची वेळ. मग ती सभा ऑनलाइन झाली, आणि उपस्थिती वाढली. परदेशी गेलेले, अंथरुणाला खिळलेले, तान्ह्या बाळांच्या आया, सगळे दिसू लागले. पण सभा संपल्यावर जिन्यात जे बोलणं व्हायचं ते बंद झालं. खरी गरज माणूस सभेत सांगत नाही, जिन्यात सांगतो.

२०२०च्या टाळेबंदीत रविवारचं काय करायचं यावर आमच्या वडिलांचं एकमत झालं नाही. काही मंडळ्यांनी आपापल्या घरी भाकर ठेवून पडद्यासमोर मोडली. काहींनी म्हटलं, एक भाकर ती एकच असली पाहिजे, वेगवेगळ्या घरांतल्या भाकरींना सहभागिता म्हणता येणार नाही, आणि ते थांबले. आम्ही थांबलो. जन्मात ज्यांचा रविवार चुकला नव्हता ती माणसं महिनोन्‌महिने मेजाशिवाय राहिली. ते बरोबर होतं की नाही ते देवाला ठाऊक. पण त्या काळात वडिलांनी यादी करून प्रत्येक घरी फोन केला, न चुकता. पुन्हा सभा सुरू झाल्या आणि यादी कुठे गेली कोण जाणे. ती परत काढा असं मी सुचवलं, तर मलाच ते काम दिलं.

एकतारी

वडील असेच ‘ओळखले’ जातात, बाळा. सांभाळून.

शेवटचा_बाक

पूर्ण धागा वाचला. मी दुसऱ्या परंपरेत वाढलो, सध्या कुठेच जात नाही. माझ्या कामाच्या ठिकाणी एक जण अशा मंडळीत जातो, ये म्हणून मागे लागलाय. यायला हरकत नाही, पण मेजापाशी काय करायचं कळत नाही. नको म्हटलं तर अपमान, घेतलं तर आणखी काही. आणि शिफारसपत्र म्हणतात ते काय असतं?

अबोली

अपमान मुळीच नाही. सभा सुरू होण्याआधी दारापाशी कोणी विचारेल, कुठून आलात, सहभागी होणार की बघायला आलात. सरळ सांगा, बघायला आलो. तुम्हाला बहुधा मागे बसवतील. भाकर तुमच्यापर्यंत आली तर शेजाऱ्याकडे द्या, कोणी वळून बघत नाही. पिशवीत काही टाकू नका. शांतता लांबली तर घड्याळाकडे बघू नका, समोरच्याला ते दिसतं.

शिफारसपत्र म्हणजे तुमच्या आधीच्या मंडळीचं, हा आमच्यात सहभागी आहे, याला स्वीकारा, असं पत्र. पौलाने रोमकरांस पत्रात फिबीसाठी लिहिलंय तसं. गाव बदलणाऱ्यासाठी ते असतं. तुम्हाला सध्या लागणार नाही. काही मंडळ्या पत्राशिवाय मेजावर घेत नाहीत, काही तुमच्या शब्दावर घेतात, तुमचा मित्र कुठल्या प्रकारात आहे ते त्यालाच आधी विचारा.

रविवार सकाळपेक्षा आधी बायबल अभ्यासाला जा, असं मी म्हणेन. तिथे प्रश्न विचारता येतात आणि माणसं कशी आहेत ते लवकर कळतं. आणि निघायची घाई असेल तर दाराजवळची जागा धरू नका. तिथेच जेवायला चला म्हणणारे उभे असतात.